स्फाक्सचा कोरा संगणक

१. पत्र

मला बोलावलं ते बडतर्फीचं पत्र लिहायला. गुन्हेगार शोधायला नव्हे. गुन्हेगार संचालकांनी सकाळच्या कॉफीबरोबरच शोधून ठेवला होता.

ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या ऑलिव्ह तेल परीक्षक संघाचा मी वकील. संघाला वर्षातून एकच काम असतं. देशभरच्या घाण्यांकडून आलेलं तेल चाखायचं, गुण द्यायचे आणि एकाच्या हातात सुवर्णशिल्ड ठेवायचं. उरलेलं वर्ष संघ त्या कामाचा थकवा काढतो.

पद्धत मात्र चोख आहे, कारण ती आम्ही ठरवलेली नाही. तेल निळ्या काचेच्या पेल्यात येतं, म्हणजे रंग दिसत नाही. पेल्यावर नाव नसतं, आकडा असतो. परीक्षक घोट घेतो, डोळे मिटतो आणि गुण तोंडाने सांगतो. सेक्रेटरी सालूहा त्रीकी ते तिथल्या तिथे संगणकावर चढवते. कोणता आकडा कोणत्या घाण्याचा, हेही त्याच संगणकात. कागद कुठेही नाही. कागद बंद केल्याबद्दल आमचे संचालक सी झुहैर फुराती ('सी' म्हणजे साहेब) यांना मंत्रालयाकडून प्रशस्तिपत्र मिळालं. ते कागदावर होतं, चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आहे.

उद्या समारंभ, मंत्री येणार. आणि आज सकाळी सालूहाचा संगणक उघडला, तर तो नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा. नवी यंत्रणा बसलेली, निळं आकाश, कडेला स्वागताचे दोन शब्द. गुण नाहीत, नावं नाहीत, काही म्हणजे काही नाही.

"अपडेट करताना हिने सगळं पुसलं," सी झुहैर म्हणाले. "मुद्दाम. आणि ज्या डिस्कवर नक्कल ठेवली होती, ती डिस्कही गायब केली. दुपारी कार्यकारिणी आहे. त्याआधी मला पत्र हवं, आणि पोलिसांसाठी तक्रार. या गावात तिला पुन्हा कुणी दारात उभं करता कामा नये!"

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी चकित झालो. सी झुहैरना मी बरीच वर्षं ओळखतो. त्यांचा शोक पाहिला आहे, देशप्रेम पाहिलं आहे, आणि राग तर आठवड्याला पाहतो. यातलं काहीही आजवर खरं नव्हतं.

हा राग खरा होता.

२. तयारी

आधी त्या अपडेटबद्दल सांगायला हवं. जगात इतर ठिकाणी म्हणे लोक एक बटण दाबतात. आमच्याकडे तयारी समिती नेमली. समितीने बैठका घेतल्या, बैठकांना बदामाची मिठाई आली, दारावर कापडी फलक लागला. काम सगळं केलं ते ट्युनिसला बसलेल्या वाजदीने, फोनवरून. वाजदी आमचा संगणकवाला. स्वतःच्या बहिणीच्या लग्नासाठी तो आठवडाभर रजेवर होता, म्हणून त्याने ऑफिसच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला होता. मी तो ऐकला. मागे ढोल वाजत होते.

"नीट ऐका हां सगळे. एक, नको ते फोटो काढून टाका, जागा लागते. दोन, महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तीन, पासवर्ड काढून टाका, नाहीतर मधेच अडतं. चार, प्रिंटरची वायर काढा. मग मी दिलेला तयारीचा प्रोग्राम चालवा. शेवटी शेजारी शेजारी दोन चौकटी येतील. डावी दाबायची. डावी! उजवीला हात लावू नका, बाबांनो. एकदा झालं की जुनं काही राहत नाही, कुणी कधी काय उघडलं, कधी बदललं, त्याची नोंदसुद्धा धुऊन जाते. फाइली तेवढ्या राहतात. चला, नवरदेव आला."

बाकीचे संगणक सगळ्यांनी असेच केले आणि ते सुखरूप आहेत. सालूहाचा तेवढा गेला.

सालूहा तिच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होती. ती अरबी साहित्यात एम.ए. आहे आणि ही गोष्ट ती कुणालाही विसरू देत नाही. शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचं भाषण ती मधेच दुरुस्त करते. तिने हा गुन्हा केलेला असावा, अशी संघातल्या प्रत्येकाची मनापासून इच्छा होती. माझीही थोडी होती.

"या, वकीलसाहेब. पत्र आणलंत? द्या, चुका काढून देते."

"अजून लिहिलं नाही. काल तू अपडेट केलंस?"

"नाही. नक्कल केली, पासवर्ड काढला, डिस्क कपाटात ठेवली, घरी गेले. अपडेट आज सकाळी करणार होते."

"कपाटाची किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. सुरक्षित ठेवायची म्हणून. तिथे असते हे सगळ्या स्फाक्सला ठाऊक आहे."

"काल दुपारी ऑफिसात कोण होतं?"

"काल सामना होता ना. सगळं गाव टीव्हीसमोर. म्हणजे यायचं असेल तर कुणीही यावं, बघायला कोण बसलंय?"

"विजेता कोण, तुला माहीत आहे?"

"आहे. सांगणार नाही. आज मी चोर आहे, चोराने सांगितलेल्या नावाला शिल्ड देणार का तुम्ही?" तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. हात स्थिर होता. पण साल सोलताना तिने संत्र्याचा निम्मा गर सालीबरोबर काढला होता. नोकरी गेली तर हिला पुढे काय आहे, ते तिलाही कळत होतं.

मी उठलो, तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि त्या वाजदीचा निरोप मी ऐकलाय. हसले मी. तो मूर्ख आहे."

"का?"

"प्रोग्राम चालवून बघा. मशीन आता कोरंच आहे, आणखी काय वाईट व्हायचंय?"

३. दोन माणसं

प्रोग्राम नंतर चालवू, आधी माणसं बघू, असं मी ठरवलं. चूक होती, माणसांपेक्षा प्रोग्राम बरा निघाला.

चाखणाऱ्या परीक्षकांच्या प्रमुख लल्ला एस्सिया मस्मूदी तळघरात निळे पेले धूत होत्या. निवृत्त शिक्षिका; 'लल्ला' म्हणजे बाई. संघाने संगणक घेतला तेव्हा त्यांनी सभात्याग केला होता, आणि दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा करतात.

"काल दुपारी तुम्ही इथे होता?"

"होते. सामना बघायला मी काय रिकामटेकडी आहे? पेले धूत होते. वर कुणीतरी चालत होतं."

"कोण?"

"मी छताकडे बघून माणसं ओळखू का? बूट होते. चपला नव्हत्या." त्यांनी चष्मा पुसला. "गेलं ना ते यंत्र? बरं झालं. पुढल्या वर्षी फळ्यावर लिहू."

"तुम्ही तर नाही ना पुसलंत?"

"अहो, मला पुसायचं असतं तर मी वरवंटा घेऊन गेले असते!"

हे पटण्यासारखं होतं. त्या बोलत असताना साबणाच्या बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचत होत्या, अगदी कारखान्याच्या पत्त्यापर्यंत. लल्ला एस्सिया दिसेल ते वाचतात. त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात जाणं ही शिक्षा आहे.

मग सी झुहैर. त्यांच्या खोलीत सगळं फ्रेंच आहे: पुस्तकं, अत्तर, संगणक. अरबी त्यांना येत नाही असं नाही. पण त्यांच्या मते ती भाषा शोकसभेत बोलायची आणि थडग्यावर वाचायची. सरकारी कचेऱ्यांतले संगणक अरबीत हवेत असं परिपत्रक आलं, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने एक संगणक अरबीत केला. सालूहाचा. परिपत्रकाला उत्तर गेलं, "अंमलबजावणी झाली."

"तुमची खात्री आहे तिने मुद्दाम केलं?" मी विचारलं.

"अहो, वाजदीने ओरडून सांगितलं होतं, डावी दाबा! हिने उजवी दाबली. आणि मान खाली घालायची वेळ कुणावर आली? माझ्यावर! हॉल ठरलाय, मंत्री निघालेत, शिल्डं तयार होऊन आलीत..."

"शिल्डं आली?"

"कालच. कपाटात आहेत. पण ती देऊ कुणाला? माझ्या मेहुण्यापर्यंत गोष्ट गेली तर..." ते एकदम थांबले. "म्हणजे, सगळ्याच घाणेवाल्यांपर्यंत."

"मेहुण्यांचं तेल आहे का स्पर्धेत?"

"हेदीचं? असेल. मला आकडे कळत नाहीत, ती पद्धतच आहे ना आपली. तुम्ही पत्राचं बघा."

मी पत्राचं बघायला बाहेर आलो, आणि सरळ सालूहाच्या टेबलाकडे गेलो.

"चालव तो प्रोग्राम," मी म्हणालो.

तिने तो ग्रुपवरून पुन्हा उतरवला आणि चालवला. त्याने जागा तपासली, वायर तपासली, आणि शेवटी दोन चौकटी आल्या, शेजारी शेजारी, वाजदीने सांगितल्या तशा. मी चष्मा लावून वाचलं.

उजव्या चौकटीत लिहिलं होतं: "माझ्या फाइली ठेवा."

डाव्या चौकटीत: "सगळं पुसा."

४. उजवीकडून

"अरबी आहे ना ते," सालूहा म्हणाली. "उजवीकडून सुरू होतं. फ्रेंचमध्ये जे डावीकडे, ते इथे उजवीकडे. सगळंच उलट, बंद करायची फुलीसुद्धा. वाजदीने स्वतःच्या फ्रेंच मशीनवर बघितलं आणि डावी डावी करून बोंबलला. लग्नात होता, सोडून द्या. पण चौकटीत काय लिहिलंय ते वाचायला काय लागतं?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं? सगळे पत्राचं विचारत होते."

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर मासळीवाला जोरजोरात ओरडत होता, आणि त्याच्या ओरडण्यात आमच्या कार्यकारिणीपेक्षा जास्त अर्थ होता.

म्हणजे ज्याने पुसलं, त्याला पुसायचं नव्हतं. त्याने डावी दाबली, कारण डावी म्हणजे फाइली राहणार, असं त्याला सांगितलं होतं. सालूहा ही चूक करणार नाही. ती तर त्या चुकीवर हसून घरी गेली होती. लल्ला एस्सियाही नाही. त्यांनी आधी दोन्ही चौकटी मोठ्याने वाचल्या असत्या, मग तिसरी कुठे आहे ते विचारलं असतं.

पण मग डिस्कचं काय? नुसती चूक झालेला माणूस घाबरतो, पळतो, फार तर खोटं बोलतो. नक्कल असलेली डिस्क तो कशाला नेईल? उलट तीच त्याला वाचवणारी. डिस्क नेणाऱ्याला दुसरी प्रत नको होती. आणि पुसणाऱ्याला पहिली प्रत ठेवायची होती.

हे दोघं एकच असतील तर? तर त्याला एक प्रत हवी होती, आणि एकच.

मी दारामागची किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. शिल्डं तिथे होती, जाड कागदात गुंडाळलेली. इथे एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे शिल्डवर नाव आधी कोरत नाहीत. कोरणारा समारंभालाच येतो, निकाल जाहीर झाला की सगळ्यांसमोर हातोडी आणि छिन्नी घेऊन बसतो, आणि नाव पुरं होईपर्यंत मंत्री घड्याळ बघत राहतात. आमच्या लोकांचा एकमेकांवर किती विश्वास आहे, हे त्या हातोडीच्या आवाजात ऐकू येतं.

मी मोठ्या शिल्डवरचा कागद सोडला.

त्यावर नाव होतं.

५. कार्यकारिणी

कार्यकारिणीत नऊ माणसं आहेत आणि एक मत आहे. ते सी झुहैर यांचं. दुपारी सगळे जमले, कॉफी आली, मिठाईही आली. सालूहाला दाराजवळ उभं केलं होतं. तिने स्वतःच एक खुर्ची ओढली आणि बसली. माझ्या सांगण्यावरून तिचा संगणक मोठ्या टेबलावर ठेवला होता. पडद्यावर दोन चौकटी.

"पत्र?" सी झुहैरनी हात पुढे केला.

"आहे. फक्त एक वाक्य अडलंय. कर्मचाऱ्याने काय करायला हवं होतं, ते लिहावं लागतं. तुम्हीच दाखवा म्हणजे सगळे साक्षीदार होतील."

"यात दाखवायचं काय? ही घ्या." आणि त्यांनी पडद्याकडे नीट न बघता, अंगठी असलेल्या बोटाने डावी दाबली.

पडदा काळा झाला. लल्ला एस्सिया चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागल्या, "सगळं पुसलं जात आहे. कृपया संगणक बंद करू नका."

कुणी तरी मिठाई ताटलीत परत ठेवली.

"मशीन बिघडलंय!" सी झुहैर म्हणाले.

"मशीन ठीक आहे, सी झुहैर. ते उजवीकडून वाचतं. आपले आजोबा वाचत तसं."

"मग काय झालं? वाजदीने सांगितलं तसं कुणीही केलं असतं!"

"कुणीही. म्हणूनच कुणीतरी केलं. सालूहा ते वाचते, लल्ला एस्सिया तर ऐकवतात. हे करायला समोर लिहिलेलं वाचायची लाज वाटणारा माणूस हवा." मी घोटभर पाणी प्यालो. वकिलाला अशा वेळी पाणी लागतं, तहान नसली तरी. "त्या माणसाने आधी फाइल उघडली आणि एका तेलाचे गुण वाढवले. मग खऱ्या गुणांची डिस्क उचलली, म्हणजे खोटी प्रत तेवढी उरेल. मग वाजदीचं बोलणं आठवलं, अपडेट केलं की कुणी काय बदललं त्याची नोंद धुऊन जाते. म्हणून अपडेटही करून टाकलं. त्याला फक्त फाइली ठेवायच्या होत्या. आणि एवढ्या मेहनतीने केलेली लबाडी त्याने स्वतःच्या बोटाने पुसली."

"ही सगळी कल्पना आहे," सी झुहैर म्हणाले. पण आता चेहरा लाल नव्हता.

"सकाळी तुमचा राग बघून मी चक्रावलो होतो. तुम्हाला मनापासून वाटत होतं, की तुमच्यामागून सालूहाने येऊन पुसलं. चोराच्या घरी चोरी झाली की तो असाच ओरडतो."

"पुरावा आहे? डिस्क आहे तुमच्याकडे?"

"नाही. ती तुमच्याकडे आहे." मी पिशवीतून शिल्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे आहे. मंत्र्यांना घड्याळ बघत बसायला लागू नये म्हणून या वर्षी कालच कोरून आलेलं. 'सुवर्ण. हेन्शीर हेदी.' म्हणजे तुमच्या मेहुण्यांचा मळा. निकाल लागायच्या आधी विजेत्याचं नाव एका कोरणाऱ्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलं हे तो पोलिसांना सांगेल. की मंत्र्यांसमोर सांगू दे?"

ज्या आठ माणसांनी आजवर सी झुहैर यांच्याआधी कॉफीचा कप उचलला नव्हता, ते सगळे एकदम कप उचलून प्यायले. तेव्हा मला कळलं, की काम झालं.

"हेदीने माझ्या मुलीच्या लग्नाला..." सी झुहैरनी सुरुवात केली.

"गाडीची किल्ली," सालूहा म्हणाली.

डिस्क डिकीत निघाली, जास्तीच्या चाकाखाली, टॉवेलात गुंडाळलेली. ती मोडून टाकायला हवी होती, पण कशी मोडतात हे त्यांना कुणी ग्रुपवर सांगितलं नव्हतं.

६. ठराव

सालूहाने डिस्क लावली. खरे गुण पडद्यावर आले. हेन्शीर हेदीच्या तेलाबद्दल लल्ला एस्सियांचं मत होतं, "ओल्या गोणपाटाचा वास, तळाशी चिखल, घशात साबण." ते त्यांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं, कुणी सांगितलं नसताना. सुवर्ण मिळालं होतं दूर वाळवंटाकडल्या ततावीनच्या एका घाण्याला. त्याचं नाव कार्यकारिणीत कुणीच ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना थोडा अपमान वाटला.

सी झुहैर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. बडतर्फीसाठी आणलेल्या कागदावरच मी तो लिहिला. उपाध्यक्षांनी त्यांच्या कार्याचा गौरव केला. पोलिसांना कळवायचं का, असं मी विचारलं, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या फोनकडे पाहिलं. हेदी प्रत्येकाच्याच मुलीच्या लग्नात मदतीला उभा राहिला होता.

मग कुणाला तरी सुचलं, की या सगळ्यातून धडा घ्यायला हवा. चर्चा झाली. चूक नेमकी कुठे झाली, यावर आठ मतं पडली. पण संचालक नसतानाही ती लगेच एक झाली. उपाध्यक्षांनी ठराव मांडला: "पुन्हा असा गोंधळ होऊ नये म्हणून सेक्रेटरीबाईंचा संगणक इतरांप्रमाणे फ्रेंचमध्ये करण्यात यावा." टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर.

मी सालूहाकडे पाहिलं. ती भांडेल, कुणाला तरी मूर्ख म्हणेल, असं मला वाटलं. आज तिला तो अधिकारही होता. पण ती शांत होती. सभेचं इतिवृत्त टंकत होती, नेहमीसारखं, उजवीकडून डावीकडे, मान वर न करता.

"वाचून दाखवू का?" तिने विचारलं.

"नको, नको," उपाध्यक्ष उठत म्हणाले. "तुमच्यावर विश्वास आहे आमचा." आणि सगळे जेवायला गेले, मासळीचं सूप थंड होत होतं.

मी मागे राहून वाचलं. राजीनामा होता. डिस्क कुठे सापडली ते होतं, चाकासकट. हेन्शीर हेदीचे खरे गुण होते, आणि ते कुणी बदलले तेही. सेक्रेटरीवरचा आरोप निराधार ठरला, असंही होतं, आणि कार्यकारिणीने उभं राहून तिची माफी मागितली, असंही. हे घडलं तेव्हा मी बहुधा पाणी पीत असेन.

फ्रेंचचा ठराव कुठेच नव्हता.

"काही राहिलं का, वकीलसाहेब?"

"नाही," मी म्हणालो, आणि साक्षीदार म्हणून सही केली.